धागा: जपानी ग्राहकाचा 'हाइ': हुंकार की होकार?

मोजपट्टी

चाकण, रांजणगाव, सुपे या पट्ट्यातले पुरवठादार असोत की हिंजवडीतल्या आयटी टीम्स, जपानी ग्राहक असला की एक तक्रार ठरलेली. मीटिंग छान होते, सगळे माना डोलावतात आणि तीन आठवड्यांनी कळतं की दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मान्य केल्या होत्या. भाषेचा दुभाषी असूनही हे होतं.

नेमका शब्द, नेमकी खूण, नेमका आकडा कुठे घसरतो आणि त्यावर कामाचा उपाय काय, ते लिहा. 'आमचे तानाका-सान एकदा म्हणाले' छापाचे किस्से कट्ट्यावर टाका, इथे नकोत. चहा न पिता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखं मुद्द्याचं बोला.

---

अर्धविराम

शीर्षकातच अर्धं उत्तर आहे. 'हाइ' हा हुंकार आहे, होकार नाही. आजी गोष्ट सांगताना नातवंडं 'हं, हं' करतात, तसा. जपानी माणूस समोरच्याच्या दर वाक्याला असा हुंकार देतो. न देणं उद्धटपणाचं समजतात. त्यामुळे किंमत सांगितली आणि समोरून 'हाइ' आलं, याचा अर्थ फक्त 'ऐकू आलं'.

चढती भाजणी अशी लावा:

'हाइ' म्हणजे ऐकतोय. 'वाकारिमाशिता' म्हणजे समजलं, पण पटलं असं नाही. 'शोउचि शिमाशिता' म्हणजे मान्य, माझ्याकडे घेतलं. हा शेवटचा शब्द किंवा त्याचं लेखी रूप येईपर्यंत काही ठरलेलं नाही.

नकाराची भाजणी याहून अवघड, कारण सरळ 'नाही' सहसा येतच नाही. 'केन्तो शिमासु' म्हणजे विचार करतो. तारीख जोडलेली असेल तर खरंच विचार होणार आहे, नसेल तर बहुतेक वेळा नकार. 'मुझुकाशिइ देसु ने' म्हणजे शब्दशः 'अवघड आहे'. आपल्याकडे 'अवघड आहे' म्हटलं की माणूस बाह्या सरसावतो आणि 'करून दाखवतो' म्हणतो. तिथे तो जवळजवळ पक्का नकार असतो. 'छोत्तो...' ('जरा...') म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, दातांतून श्वास आत ओढला, तर पुढचं वाक्य येणार नाही. तेच उत्तर.

आणखी एक कामाचा शब्द: 'मोचिकाएरिमासु', म्हणजे हा विषय कंपनीत परत घेऊन जातो. हा नकार नाही. निर्णय घेणारा माणूस या खोलीत नाही एवढंच. अशा वेळी आग्रह धरू नका. दोन प्रश्न विचारा: उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, आणि तोवर आमच्याकडून कोणती माहिती हवी? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यांना आत जाऊन चार खात्यांना पटवायचं असतं, त्यासाठी कागद लागतो.

---

बिनसाखरेचा

+१. यात नकारार्थी प्रश्नाचा सापळा जोडा. इंग्रजीत विचारलं, 'तुम्हाला ड्रॉइंग मिळालं नाही ना?' जपानी उत्तर 'येस'. अर्थ: तुम्ही म्हणताय ते बरोबर, मिळालेलं नाही. आपणही मराठीत 'हो, नाही मिळालं' म्हणतो, म्हणून बोलणाऱ्या दोघांचं कदाचित जुळतंही. पण मिनिट्स लिहिणारा तिसराच असतो आणि तो 'ड्रॉइंग मिळालं' असं लिहून मोकळा होतो.

नियम: प्रश्न नेहमी होकारार्थी, आणि उत्तर हो-नाहीत संपणार नाही असा. 'ड्रॉइंग समजलं का?' नको. 'तुमच्याकडे कोणती रिव्हिजन आहे?' हवं.

---

शेंगदाणाकूट

सगळं खापर त्यांच्या 'हाइ'वर फोडू नका. आपलंही बघा.

'होऊन जाईल.' 'बघतो.' 'करून टाकू.' 'ऑलमोस्ट झालंय.' यांतल्या एकाही वाक्यात तारीख नाही आणि कर्ताही नाही. आपल्याला सुरावरून कळतं की 'बघतो' म्हणजे होणार नाही. त्यांना सूर कळत नाही, ते शब्द धरतात. शिवाय 'परवा' हा शब्द मागचाही आणि पुढचाही. तो तसाच इंग्रजीत नेऊन लोक दोन दिवस इकडे-तिकडे करतात. तारीख आणि वार दोन्ही लिहा. दोन्ही जुळले नाहीत तर समोरचा लगेच विचारतो, हा फुकटचा पडताळा.

'८० टक्के झालं' हेही बंद करा. उरलेल्या कामांची यादी द्या: तीन प्रोग्राम बाकी, दोन टेस्ट केस फेल, एक प्रश्न तुमच्याकडे अडकलेला.

'आय हॅव अ डाउट' हे आपलं खास भारतीय इंग्रजी. आपल्याला शंका म्हणजे प्रश्न. ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्या बोलण्यावर संशय घेतोय. 'क्वेश्चन' म्हणा, संपलं.

आता सर्वांत मोठी गोष्ट, होउरेनसोउ. होउकोकु म्हणजे अहवाल, रेनराकु म्हणजे कळवणं, सोउदान म्हणजे सल्ला घेणं. तिन्हींची आद्याक्षरं जोडून शब्द केलाय, आणि पालकालाही जपानीत हेच म्हणतात, म्हणून लक्षात राहतो. आपली सवय अशी: अडचण आली तर आधी स्वतः सोडवायची, सुटली तर सांगायचंच नाही, नाही सुटली तर शेवटच्या दिवशी सांगायचं. त्यात आपल्याला जबाबदारी दिसते, त्यांना लपवाछपवी. शुक्रवारी डिलिव्हरी आहे आणि मंगळवारी साचा बिघडला, तर मंगळवारीच कळवा, उपाय हाताशी नसला तरी. मजकूर पाच ओळींचा पुरे:

काय झालं (मंगळवार, सकाळी ११ वाजता साच्याची कोअर पिन तुटली).
परिणाम (शुक्रवारच्या २,००० नगांपैकी १,२०० तयार, ८०० धोक्यात).
आत्ता काय चाललंय.
पुढची बातमी कधी (आज संध्याकाळी ५, भारतीय वेळ).
तुमच्याकडून काय हवं (१,२०० आधी पाठवले तर चालतील का?).

चौथी ओळ विसरू नका. ठरल्या वेळी 'अजून काही नवीन नाही' एवढं कळवलं तरी चालतं. गप्प राहिलात की फोन सुरू होतात.

---

निंबोणी

एवढं सगळं करण्यापेक्षा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी पास झालेला एक माणूस ठेवा ना. पुण्यात जपानी शिकलेल्यांची काय कमी आहे?

---

अर्धविराम

निंबोणीताई, जेएलपीटीत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नसते. वाचन, ऐकणं, शब्द-व्याकरण, सगळं पर्याय निवडून. एन२ला १८०पैकी ९० गुण आणि प्रत्येक विभागात किमान मर्यादा ओलांडली की पास. त्यामुळे एन२ म्हणजे मेल वाचता येईल, पण रागावलेल्या ग्राहकासमोर बोलता येईलच असं नाही.

दुसरं, कारखान्याची बोली परीक्षेत नसते. 'बारि' म्हणजे बर (कापलेल्या कडेला राहिलेली खरबरीत कोर), 'किझु' म्हणजे ओरखडा किंवा कोणतीही इजा, 'दाकोन' म्हणजे ठोकर लागून पडलेला खड्डा, 'साबि' गंज. 'बाइतो' परीक्षेत अर्धवेळ नोकरी, लेथवर मात्र टर्निंगचं टूल. सर्वांत महागडा शब्द 'कुरेमु'. इंग्रजी 'क्लेम'वरून आलाय, पण अर्थ 'ग्राहकाची तक्रार'. दुभाष्यानं 'क्लेम' असं भाषांतर केलं की आपलं अकाउंट्स खातं भरपाईचा दावा आला म्हणून हादरतं. 'साबिसु' म्हणजे बहुधा 'फुकटात दिलेलं'. सर्व्हिसचे पैसे वेगळे लावायचे असतील तर हा शब्द टाळा.

दुभाषी नवीन असेल तर ४०-५० शब्दांची फोटोंसह यादी करा. एका रकान्यात जपानी शब्द, एकात शॉपफ्लोअरवरचा मराठी शब्द, शेजारी भागाचा फोटो. 'ओरखडा चालेल की नाही' हे शब्दांत कधीच ठरत नाही. त्यासाठी 'गेन्दो मिहोन' लागतो, म्हणजे इथपर्यंत चालेल असा मर्यादा-नमुना. दोन्ही बाजूंची सही आणि मुदत असलेला. एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. गंज चढून नमुनाच बदलतो, म्हणून मुदत.

---

तिसरा_कोन

कागदावरच्या घसरणी. या बोलण्यापेक्षा महाग पडतात, म्हणून सविस्तर.

खुणा. जपानी तपासणी-तक्त्यात गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक, त्रिकोण म्हणजे अर्धवट किंवा अटीसह. आपल्याकडे मास्तर चुकीभोवती गोल करतात आणि बरोबरला टिक देतात. जपानी शाळेत टिक ही बहुधा चुकीची खूण असते. म्हणजे त्यांनी गोल केलेली दहा मापं आपला पोरगा 'रिजेक्ट' म्हणून बाजूला काढतो आणि आपण टिक करून पाठवलेला तक्ता पाहून त्यांचा जीव खालीवर होतो. तक्त्याच्या तळाशी खुणांचा अर्थ छापा. निकालाच्या रकान्यात ओके/एनजी (नो गुड, म्हणजे नापास) लिहा आणि शेजारी प्रत्यक्ष माप द्या.

तारखा. ०७/०४/१० काय आहे? आपल्याला ७ एप्रिल २०१०. जपानी लेबलवर हे रेइवा सनाचं सातवं वर्ष असू शकतं, म्हणजे १० एप्रिल २०२५. रेइवा १ मे २०१९ला सुरू झालं, म्हणून सनाच्या आकड्यात २०१८ मिळवायचे. लॉट नंबर आणि मटेरियल सर्टिफिकेटवर हा घोळ हमखास. आपण पाठवताना वर्ष चार आकडी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

मोठे आकडे. आपण लाख-कोटीत मोजतो, ते मान-ओकुत. एक मान म्हणजे १०,०००. दहा मान म्हणजे एक लाख. शंभर मान म्हणजे दहा लाख. एक ओकु म्हणजे दहा कोटी. बोलताना दोघंही आपापल्या पद्धतीतून इंग्रजी मिलियनमध्ये उडी मारतात आणि एक शून्य वाटेत सांडतं. किंमतीचा आकडा तोंडी घेऊच नका, चॅटमध्ये सगळी शून्यं टाकून लिहून घ्या. त्यांच्या कोटेशनच्या तक्त्यात वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एकक: हजार येन' असतं, तेही बघा.

मर्यादा. 'इजोउ' म्हणजे तेवढं किंवा जास्त, 'इका' म्हणजे तेवढं किंवा कमी, 'मिमान' म्हणजे त्याहून कमीच. '१० इका'त १० बसतात, '१० मिमान'मध्ये नाही. इंग्रजी भाषांतरात दोन्हींचं 'लेस दॅन १०' होतं. आयटीवाल्यांचे निम्मे बाउंडरी-बग इथले. मूळ जपानी शब्द शोधून चिन्ह स्वतः टाका.

ड्रॉइंग. प्रक्षेपण म्हणजे भागाची कोणती बाजू कागदावर कुठे काढायची ती पद्धत. जपानी मानकात तिसऱ्या कोनाचं प्रक्षेपण, आपल्या आयटीआय-डिप्लोमात पहिल्या कोनाचं शिकवतात. टायटल ब्लॉकमधली छाटलेल्या शंकूची खूण न बघता काम घेतलं की भोक उलट्या बाजूला पडतं. सममित भागात हे कळतही नाही, जोडणीत कळतं.

मटेरियल. एस४५सी हे जपानी मानकाचं पोलाद मागितलं की बाजारात 'ईएन८ तेच हो' म्हणून देतात. तेच नाही. एस४५सीत कार्बन ०.४२ ते ०.४८ टक्के, ईएन८मध्ये ०.३६ ते ०.४४. इंडक्शन हार्डनिंग असेल तर कडकपणा कमी भरू शकतो. पर्याय वापरायचा तर लेखी मंजुरी आधी. न सांगता केलेला बदल हा त्यांच्या दृष्टीनं दोषापेक्षा मोठा गुन्हा. माणूस, मशीन, माल, पद्धत यांत काहीही बदललं की 'हेन्काटेन' म्हणून कळवायचं. मशीन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवलं तरी.

---

बिनसाखरेचा

टिकचं माहीत नव्हतं! वाचनखूण साठवली.

---

लालदिवा

तक्रार आल्यावरचं उत्तर कुणी लिहिलं नाही, आणि खरी भाषिक मारामारी तिथेच होते.

उदाहरण घेऊ. दोन एम८ थ्रेडचा ब्रॅकेट आहे. एका नगात एका भोकाला आटेच नाहीत. आपलं ठरलेलं उत्तर: 'ऑपरेटरची चूक. समज दिली. पुन्हा होणार नाही.' हे परत येणार, लाल शेरा मारून. उत्तर खोटं असतं असं नाही. पण त्यांचा प्रश्नच वेगळा असतो.

ते दोन कारणं मागतात. 'हास्सेइ', म्हणजे दोष झाला कसा. आणि 'र्युउशुत्सु', म्हणजे झालेला दोष गेटबाहेर गेला कसा. 'का?' दोन्हींना वेगवेगळं लावायचं.

झाला कसा: आटे नाहीत. का? टॅप (आटे पाडायचं हत्यार) मध्येच तुटला. मशीन पुढे का चाललं? टॅप तुटल्याचं ओळखायची सोय नाही. तुटला का? टॅप किती भोकांनंतर बदलायचा हे ठरलेलं नाही, तुटेपर्यंत वापरतात. का ठरलेलं नाही? प्रक्रिया आखताना आयुष्य मोजलंच नाही. इथे थांबा, हातात धरता येईल असं कारण सापडलं.

बाहेर गेला कसा: थ्रेड गेज दर ५० नगांत एकदाच. मधल्या ४९ नगांना काय? अंतिम तपासणीच्या यादीत 'आटे आहेत का' हा मुद्दाच नाही.

आता उपाय. तातडीचा: सगळा माल अडवा. शॉपवरचा, स्टोअरमधला, ट्रकमधला, समुद्रातला, ग्राहकाच्या रॅकवरचा. प्रत्येक ठिकाणी किती नग, किती तपासले, किती खराब, असा तक्ता. पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी २४ तासांत मागतात, आणि त्यात मूळ कारण नसतं, हा तक्ता असतो. कायमचा: टॅपचा काउंटर, तुटल्याचं ओळखणारा सेन्सर, आणि आटे नसतील तर नग बसणारच नाही असा पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय. तो चालतो का, हे दर पाळीच्या सुरुवातीला मुद्दाम आटे न पाडलेला लाल रंगाचा नग घालून बघायचं.

मग 'योकोतेन', म्हणजे हाच उपाय आडवा पसरवणं. टॅपिंग असलेले बाकीचे सगळे पार्ट नंबर, प्रत्येकासमोर तारीख आणि नाव. हा रकाना रिकामा ठेवला की अहवाल परत.

पत्राचा क्रम: दिलगिरी, घडलेलं, तातडीचा उपाय, कारण. पहिल्याच वाक्यात कारण दिलंत तर ती सबब वाटते. 'पण' हा शब्द पहिल्या परिच्छेदात नको.

---

निंबोणी

म्हणजे ऑपरेटरची चूक असूच शकत नाही? हे जरा अतीच.

---

लालदिवा

असू शकते. मग पुढचं विचारा: चूक करणं शक्य का होतं? तिथून पुढे लिहा. ऑपरेटरचं नाव अहवालात घालू नका, त्याचा उपयोग नसतो आणि तिकडे ते वाईटही दिसतं.

---

शेंगदाणाकूट

वेळेचं गणित कुणी मांडलेलं नाही. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, वर्षभर, तिथे घड्याळ बदलत नाही. आपण ९.३० ला बसतो तेव्हा त्यांचा दुपारचा १ वाजलेला, जेवण उरकून आलेले. त्यांचे संध्याकाळचे ५.३० म्हणजे आपले २. सामाईक वेळ साडेचार तास, त्यात आपलं जेवण. दुपारी ३ ला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर उद्याच येणार. दिवसाचे प्रश्न आपल्या १ वाजेपर्यंत गेलेच पाहिजेत.

सुट्ट्या: एप्रिलअखेर ते ५ मे, ऑगस्टच्या मध्यात ओबोन, डिसेंबरअखेर ते जानेवारीचे पहिले दिवस. वाहन उद्योगातल्या अनेक कंपन्या स्वतःचं कॅलेंडर पाळतात आणि मधल्या सरकारी सुट्टीला काम करतात, तेव्हा गूगलवर विसंबू नका, कंपनीचं कॅलेंडर मागा. आणि आपलं द्या. दिवाळी दरवर्षी हलते हे त्यांना ठाऊक नसतं. गणपतीत अनंत चतुर्दशीला पुण्यात ट्रक हलत नाही, हे जूनमध्येच लिहून कळवा.

मीटिंगमध्ये ऐनवेळी नवा प्रस्ताव काढू नका. 'नेमावाशि' म्हणतात, झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. प्रस्ताव दोन दिवस आधी पाठवा, ज्याचा विरोध होईल त्याच्याशी वेगळं बोला. मीटिंग फक्त शिक्का मारायला. आणि प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद शांतता झाली तर ती भरू नका. आपण घाबरून त्या दहा सेकंदांत स्वतःच सवलत देऊन बसतो.

---

कानामात्रा

नावांचं एक. आपण ग्राहकासमोर 'आमचे देशपांडे साहेब' म्हणतो. जपानीत ग्राहकाशी बोलताना आपल्या माणसाला 'सान' लावत नाहीत, साहेब असला तरी नुसतं 'देशपांडे'. ग्राहकाला बोलताना 'सान', पत्रात 'सामा'. आडनावाला लावायचं. आपल्या टीममध्ये तीन पाटील असतील तर मेलच्या सहीत कोणत्या नावानं हाक मारायची ते काताकाना या जपानी लिपीत लिहून द्या. 'ल' आणि 'र' तिथे एकच, 'व'चा 'ब' होतो, तेव्हा फोनवर 'बाइबाबु' ऐकू आलं तर तो आपला वैभव समजावा.

अवांतर: सगळे जपानी एका साच्याचे नसतात. पुण्यात तीन-चार वर्षं काढलेला माणूस 'नो' तोंडावर म्हणतो. अडचण त्याची नाही, त्याच्यामागे नागोयात बसलेल्यांची आहे. त्यांच्यासाठी कागद जपानी पद्धतीनंच लागतो.

---

उंबरठा

जर्मन ग्राहकासाठी यातलं काय लागू?

---

तिसरा_कोन

जवळपास उलटं. तिथे 'नाही' सरळ येतं, आपल्यालाच लागतं. दोन सापळे लगेच सांगतो. त्यांचा स्वल्पविराम दशांशचिन्ह असतो: १२,५ म्हणजे साडेबारा, १.२५० म्हणजे बाराशे पन्नास. आणि डिलिव्हरी 'केडब्ल्यू ३२' अशी आठवड्याच्या क्रमांकात मागतात. एक्सेलचं साधं वीकनम वेगळा आकडा देऊ शकतं, आयएसओवीकनम वापरा. बाकी वेगळा धागा काढा.

---

मोजपट्टी

काढतो. शेवटचं एक: प्रश्नोत्तरांची शीट सगळे ठेवतात, तरी त्यात प्रश्न हरवतात. रकाने कोणते ठेवावेत?

---

अर्धविराम

क्रमांक, विचारल्याची तारीख, स्पेसिफिकेशनचं पान आणि ओळ, प्रश्न, आमची समजूत, उत्तर हवं ती तारीख, उत्तर न आल्यास काय अडेल, उत्तर, उत्तर देणाऱ्याचं नाव, स्थिती.

एका ओळीत एकच प्रश्न. दोन घातलेत तर सोप्याचं उत्तर येतं आणि अवघड तसाच राहतो. 'आमची समजूत' हा रकाना कधी मोकळा सोडू नका. 'हे काय आहे?' याला उत्तर लिहायला त्यांना दोन दिवस लागतात, 'आम्ही असं समजतो, बरोबर?' याला गोल किंवा फुली. इथे गोल म्हणजे बरोबर, वर तिसरा_कोन यांनी सांगितलंच आहे.

आणि स्थितीत 'बंद' हे आपण लिहायचं नाही. ज्यानं प्रश्नाचं उत्तर दिलं त्यानंच लिहायचं.